काकूंची वही आणि माझी सात वर्षं

'या शनिवारी बसायचंच' असं ठरवलेले शनिवार माझ्या आयुष्यात किती आले असतील? परवा सहज हिशोब केला. वर्षाचे बावन्न, सात वर्षं, म्हणजे तीनशे चौसष्ट. त्यातले रिलीजचे, लग्नांचे, सांगलीला घरी गेलो ते, आजारपणाचे असे सगळे वजा करू. तरी दोनशे उरतात. आणि ज्या कामासाठी हे दोनशे शनिवार मी पुढे ढकलले, ते काम शेवटी झालं किती वेळात? दोन दिवसांत! एका शनिवारी दुपारी सुरू केलं आणि रविवारी रात्री चालू झालं.

मग ती सात वर्षं गेली कुठे? आजची पोस्ट त्याबद्दल.

गोष्ट २०१८ सालची. मी बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला, कर्वेनगरमध्ये तिघांत एक खोली घेऊन राहायचो. डबा काकूंचा. पुण्यात शिकायला राहिलेल्यांना काकूंचा डबा म्हणजे काय ते सांगायला नको. चार पोळ्या, सुकी भाजी, रस्सा, वरण-भात आणि रविवारी एक वेळ फीस्ट. काकूंकडे तेव्हा चौसष्ट डबे होते आणि सगळा कारभार एका लांबट वहीत. आडवे रकाने तारखांचे, उभी यादी नावांची. डबा गेला की टिंब, नाही गेला की फुली. फुली म्हणजे खाडा. सलग तीन दिवसांचा खाडा असेल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच पैसे वजा, असा नियम. आणि महिनाअखेरीला त्या नियमावरून काकूंच्या दारात रोज एक भांडण ठरलेलं. "काकू, मी सांगितलं होतं." "कोणाला सांगितलं होतंस?" "त्या डबेवाल्या दादाला." झालं!

मला वाटलं, अरे, हे तर अ‍ॅपचं काम आहे. मुलं खाडा टाकतील, हिशोब आपोआप होईल, काकूंना महिन्याचं बिल तयार मिळेल. पुण्यात अशा शेकडो काकू असणार. म्हणजे बिझनेस! त्याच रात्री नवीन वही आणली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता पुढचं ऐका.

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून हेच करता आलं असतं. पण एक्स्टर्नलला 'खानावळीचा हिशोब' काय दाखवायचा? म्हणून आम्ही मशीन लर्निंगवालं काहीतरी केलं. ते आता कोणत्या पेनड्राइव्हवर आहे तेही आठवत नाही. मग नोकरी लागली. २०१९ च्या गणपतीत आरतीला गेलो तेव्हा काकूंना मोठ्या तोऱ्यात सांगून आलो, "दिवाळीपर्यंत तुम्हाला अ‍ॅप देतो. वही बंद!" जाताना 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हणून वहीच्या चार पानांचे फोटोही काढले.

दिवाळी आली आणि गेली. या काळात मी काय केलं? डोमेन घेतलं. लोगोचे सहा प्रकार केले. मग ठरवलं की आधी आर्किटेक्चर नीट हवं. उद्या दहा लाख युजर आले तर? त्यासाठी मायक्रोसर्व्हिसेस शिकलो, डॉकर शिकलो, कुबरनेटिस शिकलो. तिकडे काकूंकडे डबे चौसष्ट! आणि या सगळ्या शिक्षणात काकूंच्या स्वयंपाकघरात मी एकदाही जाऊन बसलो नाही.

मग आला मार्च २०२०. कॉलेजं बंद झाली, दोन-तीन दिवसांत पोरं बॅगा उचलून गावाला गेली. त्यानंतर लॉकडाऊन. मीही सांगलीला. काकूंचा हिशोब महिना संपल्यावर व्हायचा, त्यामुळे फेब्रुवारीचे काही आणि मार्चचे जवळजवळ सगळे पैसे यायचे राहिले. साठ-पासष्ट हजार रुपये. जूनमध्ये त्यांचा मला फोन आला. "अरे, तू फोटो काढले होतेस ना वहीचे? तुझ्याकडे मुलांचे नंबर असतील का रे?"

फोटो उघडून बघितले. वहीत नावं काय होती माहितेय? 'लातूरचा उंच'. 'चष्मेवाला, दुसरा मजला'. 'पाटील (मोठा)'. 'पाटील (नवीन)'. नंबर एकाचाही नाही. कधी लागलाच नव्हता, कारण पोरं रोज समोर दिसायची. माझ्या त्या अ‍ॅपची पहिली स्क्रीन काय होती? नाव आणि मोबाईल नंबर. काकूंनी ओळखीतून विचारत विचारत निम्मे पैसे गोळा केले. काही पोरांनी स्वतःहून पाठवले, हेही सांगायला हवं. पण तीसेक हजार गेले ते गेलेच.

त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. 'तू देणार होतास ना?' असं म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं खरं तर. कोविडने झालेलं नुकसान माझ्यामुळे झालं असा आव मी आणत नाही. पण एक साधी यादी, नाव आणि नंबर, मी एका रात्रीत करून देऊ शकत होतो. ती मी दिली नाही, कारण मी दहा लाख युजरची सोय करत बसलो होतो.

तोपर्यंत मला वाटायचं की राहून गेलेली आयडिया म्हणजे आपलं खाजगी प्रकरण आहे. केली तर केली, नाही तर नाही, कोणाचं काय जातंय? पण बऱ्याच आयडियांच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो आणि तो वाट बघत असतो. कधी आपण त्याला शब्द दिलेला असतो, कधी नसतो, एवढाच फरक.

यानंतर तरी मी लगेच कामाला लागलो असेन असं तुम्हाला वाटेल. छे! उलट मी काकूंच्या गल्लीतून जायचंच सोडलं. २०२२ मध्ये पुण्याला परत आलो तेव्हा घर मुद्दाम बाणेरला घेतलं असं म्हणणार नाही, ऑफिस जवळ होतं. पण कर्वेनगरला जायला लागत नाही याचं बरं वाटलं होतं एवढं खरं. डोमेन मात्र दरवर्षी न चुकता रिन्यू करत होतो. ते पैसे भरले की आयडिया अजून जिवंत आहे असं वाटायचं. :)

जून २०२५ मध्ये एका शनिवारी मित्राकडे चाललो होतो आणि नेमकी कर्वेनगरमध्ये गाडी पंक्चर झाली. दुकानासमोर उभा होतो, तर मागून हाक. काकू. हातात कोथिंबिरीची पिशवी. "काय रे, बारीक झालास. आणि तुझं ते मशीन झालं का?" खवचटपणा अजिबात नव्हता. खरंच विचारत होत्या. वर म्हणाल्या, "चल, जेवून जा."

जेवलो. मग म्हटलं, "काकू, वही द्या." दोन वाजता बसलो. आता त्यांच्याकडे एक्केचाळीस डबे. एका गूगल शीटमध्ये नावं, नंबर, पत्ता, तारखा. नंबर नव्हते ते डबेवाल्या दादाला विचारून भरले. संध्याकाळी सहाला यादी तयार. रविवारी एक फॉर्म केला, मुलांनी रात्री दहापर्यंत 'उद्या डबा नको' एवढंच भरायचं. खाली थोडी स्क्रिप्ट. सात वर्षांत शिकलेलं डॉकर, कुबरनेटिस वगैरे काही म्हणजे काही लागलं नाही.

आणि गंमत पुढेच आहे. शीट काकूंच्या फोनवर टाकून दिलं आणि आठवड्याने गेलो, तर त्यांनी ते एकदाही उघडलं नव्हतं. मी थोडा वैतागलोच. तर म्हणाल्या, "अरे, पहाटे साडेपाचला माझे हात कणकेत असतात. फोन कोण बघणार? मला एवढंच सांग, आज पोळ्या किती?"

मी सात वर्षं समजत होतो की काकूंचा प्रश्न महिनाअखेरीच्या भांडणाचा आहे. तो माझा प्रश्न होता, कारण मी गिऱ्हाईक होतो! त्यांचा प्रश्न पहाटेचा होता. मुलं खाडा सांगायला सकाळी साडेनऊला फोन करायची, तोवर पोळ्या लाटून झालेल्या असायच्या. रोजचे चार-पाच डबे फुकट. हे मला २०१८ सालीच कळलं असतं. फक्त एकदा पहाटे त्यांच्या ओट्याशी जाऊन उभं राहायला हवं होतं.

माझा जुना फोन होता, काचेला तडा गेलेला. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार्जरला लावून, ओट्यासमोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. त्यावर एकच पान, मोठ्या आकड्यांत. 'डबे ३७. पोळ्या १४८.' बस्स. कणकेच्या हाताने त्याला हात लावायची गरजच नाही. काकूंनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "हां. हे झालं काम."

खरं सांगतो, ऑफिसमध्ये मिळालेल्या कुठल्याही अप्रिशिएशन मेलने एवढं बरं वाटलं नव्हतं.

आता थोडं मतप्रदर्शन.

आपण म्हणतो की वेळ नाही. माझं आता स्पष्ट मत झालंय की हे कारण बहुतेक वेळा खोटं असतं. वेळ नसता तर मी कुबरनेटिस कधी शिकलो? खरं कारण वेगळंच असतं. आयडिया वहीत असते तोपर्यंत ती फर्स्ट क्लास असते. ती बाहेर काढून एका माणसासमोर ठेवली की तो माणूस 'नको' म्हणू शकतो. किंवा काकूंसारखा न उघडताच बाजूला ठेवू शकतो. आपण टाळतो ती ही भेट. आणि ती टाळायची आपल्या इंजिनिअर लोकांची खास पद्धत म्हणजे तयारी. कोर्स लावायचा, टूल बदलायचं, लोगो करायचा. तयारी करताना काम चाललंय असं वाटतं, त्यामुळे मन खात नाही. आळशी माणसाला निदान आपण आळस करतोय हे माहीत तरी असतं!

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट इथे आठवते. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट मुंबईत बघून त्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा आणला, आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण मधला एक भाग मला जास्त आवडतो. सिनेमाला पैसे लागणार होते आणि पैसेवाल्यांना हे प्रकरण पटायला हवं होतं. तर फाळक्यांनी आधी हरिश्चंद्र नाही काढला. कुंडीत वाटाणा लावला. तो उगवून त्याचं रोप कसं होतं ते थोडं थोडं करत कॅमेऱ्यात घेतलं, आणि डोळ्यांसमोर रोप वाढतानाची ती छोटीशी फिल्म लोकांना दाखवली. आपल्या भाषेत डेमो! तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. म्हणजे 'आता वय गेलं' हेही कारण नको.

आता फाळक्यांचं नाव घेतलं की कोणीतरी म्हणणार, बघा, त्यांनी सगळं पणाला लावलं, तुम्हीही नोकरी सोडा. हा सल्ला हल्ली फार स्वस्त झालाय. माझा त्याला साफ विरोध आहे. ज्यांच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, गावाकडे आई-वडील आहेत, त्यांना 'सोड नोकरी' म्हणणं म्हणजे 'करूच नकोस' म्हणण्यासारखं आहे. कारण मग मनाशी गाठ बसते की नोकरी सोडल्याशिवाय सुरुवातच होत नाही, आणि नोकरी तर सोडता येत नाही, म्हणून पुन्हा वही बंद. फाळक्यांची पॉलिसी राहू दे. त्यांचा वाटाणा घ्या. दोन दिवसांत होईल असं काहीतरी करा आणि ज्याच्यासाठी करायचं त्या एका माणसाला द्या. नवरा-बायकोला नाही, रूममेटला नाही. ते छानच म्हणतात.

नोकरी करत करत करायचं तर थोडी काळजी मात्र घ्या. आपलं अपॉइंटमेंट लेटर एकदा शांतपणे वाचा. जॉइन होताना सगळ्यांनी न वाचताच सही केलेली असते. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा, कलम १७) असं आहे की नोकरीचं काम म्हणून जे केलं त्याचे हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातात. काही कंपन्यांच्या लेटरमध्ये याहून बरंच जास्त लिहिलेलं असतं. म्हणून ऑफिसचा लॅपटॉप नको, ऑफिसचा कोड नको, ऑफिसची वेळ नको. २०२२ साली एका मोठ्या आयटी कंपनीने दुसरीकडे काम करतात म्हणून तीनशे जणांना काढल्याचं सगळ्यांना आठवत असेल. गरज असेल तर लेखी परवानगी मागा. मी मागितली. मॅनेजरने आधी पाच मिनिटं हसून घेतलं, मग एचआरकडून मेल आणून दिला. बाकी कागदपत्रांचं भूत आपण उगाच मोठं करतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. सेवेच्या धंद्यात वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. माझी उलाढाल किती ते खाली येतंच आहे.

पैशांचा धडाही काकूंनीच दिला. महिनाभराने विचारलं, "किती घेणार?" मी म्हटलं, "छे हो काकू, तुमच्याकडून कसले पैसे!" तर म्हणाल्या, "फुकट दिलंस तर बंद पडल्यावर मी तक्रार कशी करू? मी तुला कधी फुकट डबा दिला होता का?" महिना तीनशे रुपये ठरले. आणि खरंच, पैसे घ्यायला लागल्यावर मी नीट वागायला लागलो. एका सोमवारी पहाटे आकडा चुकला तर सहा वाजता फोन. त्याआधीची सात वर्षं मला कोणी फोन केला नव्हता.

त्यांच्या ओळखीतून आणखी तिघींकडे गेलो. दोघींनी घेतलं. तिसऱ्या म्हणाल्या, "माझी वही बरी आहे." त्यांचे बारा डबे आहेत, सगळे तोंडपाठ. त्यांचं बरोबरच आहे. 'नको' ऐकायला सात वर्षं घाबरलो होतो, ते ऐकलं आणि चहा पिऊन घरी आलो. एवढंच असतं ते.

म्हणजे हिशोब काय झाला? तीन गिऱ्हाइकं, महिना नऊशे रुपये. यावर कोणी नोकरी सोडत नाही आणि मीही सोडणार नाहीये. वाढेल का? माहीत नाही. पण आता मला तीन स्वयंपाकघरांतल्या पहाटेबद्दल जे माहीत आहे, ते आधी नव्हतं.

आणखी एक. त्या वहीत माझ्या एकूण पाच आयडिया होत्या. डब्याची झाल्यावर बाकीच्या चार काढून बसलो. प्रत्येकीपुढे स्वतःला एकच प्रश्न विचारला, याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? तीन आयडियांना त्या टोकाला कोणीच नव्हतं. फक्त मी होतो, मुलाखत देताना. त्या तिन्ही काट मारून टाकल्या. खूप हलकं वाटलं. पुढे ढकललेली प्रत्येक गोष्ट केलीच पाहिजे असं अजिबात नाही. पण मग ती रद्द केली असं स्वतःला स्पष्ट सांगावं. 'बघू नंतर' म्हणत दरवर्षी रिन्यू करत बसू नये.

माझा एक मित्र देवगडचा आहे. घरची हापूसची कलमं आहेत. दर मार्चमध्ये म्हणतो, "या वर्षी पेट्या डायरेक्ट पुण्यात विकणार, साइट करतोय." दर जूनमध्ये म्हणतो, "पुढच्या सीझनला नक्की." त्याचे वडील आता सत्तरीला आलेत. परवा त्याला ही सगळी काकूंची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, साइट वगैरे राहू दे, तुझ्या सोसायटीत दहा घरं आहेत ना? दहा पेट्या आण. तर म्हणाला, "आधी लोगो..."

त्याला मी काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. :)

असो. रविवारचे अकरा वाजत आलेत. काकूंकडे फीस्टला जायचंय, आज पुरणपोळी आहे. आणि भिंतीवरच्या फोनची पिशवी तेलाने पार पिवळी झालीये म्हणे, ती बदलायचीय. तुमच्या वहीत काय आहे ते बघून ठेवा. आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी असेल, तर आज त्यांना एक फोन करा. काय करणार ते सांगायला नाही. त्यांची सकाळ कशी जाते, ते विचारायला.